परीट दोन, दगडावर

विश्रामराव टिपणीस हे दारूबंदीवाल्यांचे खबरे आहेत, असं शहाडच्या वाटेवर बोललं जाऊ लागलं तेव्हा मी हसलो होतो. महिन्याभरात मी स्वतःच ते बोललो.

ही १९५२ सालच्या थंडीतली गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि कल्याणच्या एका शाळेत बदली शिक्षक होतो. विश्रामराव आमच्याच आळीत, समोरच्या घरात राहत. वय पंचेचाळीस. नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून. शहाडकडून गावात येणारी प्रत्येक बैलगाडी त्यांच्या खिडकीपुढे थांबायची. ते पोत्यांकडे पाहायचे, गाडीवानाकडे पाहायचे आणि पावती फाडायचे. वीस वर्षांत त्यांनी कुणाकडून पेरूसुद्धा घेतला नाही, असं लोक सांगत. सांगताना आवाजात कौतुक कमी असायचं. नाक्यावरचा माणूस पेरू घेत नाही, म्हणजे आणखी काही घेत असणार.

त्यांच्याकडे दुर्बीण होती. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा घेतलेली. आळीतल्या लोकांनी कांबळी आणली, पत्र्याचे डबे आणले, एकाने अख्खा तंबू आणला. विश्रामरावांनी दुर्बीण आणली. सुमतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते विसरल्या नव्हत्या.

"सगळ्यांनी पांघरुणं आणली," त्या म्हणायच्या. "आमच्याकडे डोळे आणले. देवाने दिलेले कमी पडत होते ना!"

विश्रामराव दुर्बिणीची काच धोतराच्या सोग्याने पुसत राहायचे.

शहाडच्या अलीकडे, रेल्वेच्या तारांखाली एक तळं होतं. म्हसोबाचं तळं. त्या वर्षी नगरपालिकेने तिथे चार बाकं टाकली, काठाला थोडा कठडा केला आणि 'विहारस्थान' अशी पाटी लावली. विहार करायला गावातून कोणी जात नसे. बाकांवर शेळ्या बसायच्या. काठावर धुण्याचा एक मोठा दगड होता, तिथे पोपट परीट कपडे आपटायचा. वडाखाली गुणाजीचं चहाचं दुकान होतं. तळ्यातल्या मासळीचा ठेकाही त्याचाच. पलीकडे, पूर्वेच्या काठाला, पाणकणसाचं दाट रान होतं. त्या रानातून सकाळी धूर निघायचा. तो धूर कसला हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारूबंदीला तिसरं वर्ष चालू होतं.

विश्रामराव रोज सहाला तळ्यावर जायचे आणि आठच्या आत नाक्यावर हजर व्हायचे. मी आठवड्यातून दोनतीनदा त्यांच्याबरोबर जाई. कारण सांगायचं तर मला त्यांचा सहवास आवडायचा. ते कमी बोलत. मी वयाने निम्मा, तरी मला अहो म्हणत. बी.ए. झाल्यापासून त्यांनी माझं नाव 'पंडित' ठेवलं होतं.

"चला पंडित. तुमच्या कालिदासाने न पाहिलेलं काही दिसतंय का बघू."

तळ्यावर मात्र ते एक अक्षर बोलत नसत. मला बाकावर बसवायचे. स्वतः कठड्याला टेकून उभे राहायचे. दुर्बीण डोळ्यांना. मग दुर्बीण खाली, वही वर, पेन्सिलीने दोन शब्द. मी काही विचारलं की बोट ओठांवर. परत निघताना विचारलं की म्हणायचे, "झालं आजचं."

"पण काय झालं?"

"पाखरं बघून झाली."

मी पाखरं बघत नव्हतो. बाकावर बसून मी थंडीत कुडकुडायचो. पुष्कळदा डुलकी लागायची.

नोव्हेंबरात पूर्वेच्या काठावर पहिली धाड पडली. मडकी फोडली, एक पिंप जप्त केलं. बरोबर त्याच जागी पोलीस उतरले, इकडेतिकडे न शोधता. पंधरा दिवसांनी दुसरी धाड. या वेळी गुणाजीचा पुतण्या तानाजी सापडला. त्याला ठाण्याच्या तुरुंगात नेलं.

त्यानंतर तळ्यावरची हवा बदलली. आम्ही वडाखालून गेलो की दुकानातलं बोलणं थांबायचं. पोपट परीट कपडा हवेत धरून उभा राहायचा, आपटायचा नाही. विश्रामरावांना हे दिसत होतं की नाही, मला कळेना. त्यांची दुर्बीण पाण्यावरून सरकत पूर्वेच्या काठाला जायची आणि तिथे फार वेळ थांबायची. मग वहीत दोन शब्द.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी शहाडच्या वाटेने गेलो, तेव्हा तळ्यापाशी गुणाजीने मला हाक मारली. चहा पुढे केला. गुणाजी पन्नाशीचा, थोराड. बोलताना तो समोरच्याकडे न बघता पाण्याकडे बघायचा.

"मास्तर, त्यो नाकेवाला रोज येतो. कोनाला बघतो?"

"पाखरांना."

"पाखरू मारायचं तं बंदूक लागते. धरायचं तं जालं लागतं. दुर्बीन कशाला लागते?"

"बघायला."

"बघून?"

मी घरी आलो आणि तोच प्रश्न रात्रभर मला पडला. बघून? पंचेचाळीस वर्षांचा माणूस. पोरंबाळं नाहीत, व्यसन नाही. रोज सहाला निघून अडीच मैल चालतो, आणि कशासाठी, तर बघायला. आणि लिहितो. जे बघायचं ते बघून झालं, तर लिहायचं कोणासाठी?

आळीत लोक वेगळंच कुजबुजत होते. तिथे दारूचं कोणी बोलत नव्हतं. आळीचा संशय धुण्याच्या दगडावर होता. "तिथे बायका येतात म्हणे कपडे धुवायला," असं मला आमच्या घरमालकांनी सांगितलं आणि डोळा मिचकावला. मला राग आला. पण राग आला तो नक्की कोणाचा, हे मी तपासलं नाही.

पुढच्या रविवारी विश्रामराव काठावरून खाली चिखलात उतरले. हात मोकळे हवेत म्हणून वही माझ्या पिशवीत टाकली. वर आल्यावर दोघेही विसरलो. वही माझ्याबरोबर घरी आली.

सोमवारी शाळेत, मधल्या सुट्टीत, मी ती उघडली.

साधी शाळकरी वही. पहिल्या पानावर तारीख आणि खाली सुबक अक्षरात नोंदी. त्या मला आजही पाठ आहेत.

'कोतवाल. एक. तारेवर.
परीट. दोन. दगडावर.
खाटीक. एक. बाभळीवर, पूर्वेकडे तोंड.
सातभाई. आठ. वडाखाली. भांडण.
शिंपी. दिसला नाही. आवाज आला.
वंचक. एक. नेहमीच्या जागी. पहाटेपासून हलला नाही.'

दुसऱ्या पानावरही तेच. तिसऱ्या, चौथ्या पानावर तेच. परीट कधी दोन, कधी तीन. 'खाटीक आज पश्चिमेला.' 'कोतवालाने घारीला हाकललं.' आणि एका ठिकाणी, 'पंडित सोबत. झोपला.'

दगडावर परीट म्हणजे पोपट आणि त्याचा भाऊ. तळ्याजवळच्या वस्तीत भिवा खाटीक होता. वडाखाली भांडणारे आठ जण गुणाजीच्या दुकानात रोज असायचे. घार म्हणजे कोण हे कळलं नाही, पण कोतवालाने तिला हाकललं होतं. वंचक या शब्दाचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता. वंचक म्हणजे फसवणारा. आणि त्या सगळ्यांत मी होतो, झोपलेला, सोबत म्हणून आणलेला.

मी पाचवं पान उघडलं नाही. चार पुरेशी होती.

त्या संध्याकाळी मी स्वतःहून गुणाजीकडे गेलो. त्याला सावध करावं असं मनात होतं, असं मी पुढे स्वतःला बजावत राहिलो. खरं एवढंच की मला भीती वाटली. त्या माणसाबरोबर मला लोकांनी शेकडो वेळा पाहिलं होतं.

"मला काही माहीत नव्हतं," मी म्हणालो. "वही त्यांची आहे."

"काय हाय तिच्यात?"

"परीट आहे. खाटीक आहे. कोतवाल आहे. कोण कुठे बसतो ते आहे."

गुणाजीने पहिल्यांदा पाण्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"बुधवारी येतो का त्यो?"

"येतात."

"तूबी ये. वही घेऊन ये."

बुधवारी मी वही पिशवीत घालून गेलो. विश्रामरावांना वाटेत सांगितलं, वही माझ्याकडे राहिली होती. ते म्हणाले, "हां. मी दोन दिवस घर उलथंपालथं केलं. तुमच्या वहिनींना वाटलं दागिना हरवला." त्यांनी हात पुढे केला. मी म्हणालो, तिथे देतो.

बाकाजवळ सातआठ जण उभे होते. पोपट, भिवा, गुणाजी, आणखी काही. थोडं मागे गंगुबाई, टोपली शेजारी ठेवून. ती गुणाजीची चुलती. तळ्यातली मासळी कल्याणच्या बाजारात विकायची. साठी कधीच उलटलेली.

भिवाने आधी दुर्बीण काढून घेतली. विश्रामरावांनी दिली. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग त्यांच्या मागे, पाण्याकडे पाहिलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "उडून जातील."

"कोन उडून जातील?" भिवा म्हणाला. "तुमचं पोलीस?"

कोणीतरी हसलं. गुणाजी हसला नाही.

"मास्तर, वाच."

विश्रामरावांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पिशवीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. काहीतरी मोजून बघावं तसं ते बघत राहिले. मी वही काढली.

"कोतवाल," मी वाचलं. "एक. तारेवर."

"तारंवर?" पोपट म्हणाला. "कोतवाल तारंवर कशाला चढंल?"

"खुणेचा शब्द असंल," गुणाजी म्हणाला. "फुडं."

"परीट. दोन. दगडावर."

"मी!" पोपट ओरडला. "ह्यो माझा दगड! बापाचा हाय! ल्ह्यायचं काय त्याच्यात?"

"फुडं."

"खाटीक. एक. बाभळीवर."

भिवाने दुर्बीण पोपटाच्या हातात दिली आणि बाह्या वर केल्या. "मी कवा बाभलीवर चढलो रं? सांग. कवा?"

"पूर्वेकडे तोंड," मी वाचलं. पुढे मी कधी न वाचलेली ओळ होती, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. "टोळ पकडून काट्याला टोचून ठेवला. नंतर खाल्ला."

भिवाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

मागून आवाज आला. आधी खोकला वाटला. गंगुबाई हसत होती. टोपलीला धरून, कमरेत वाकून हसत होती.

"आरं मेल्यांनो," ती म्हणाली. "आरं, ही तं पाखरं हायत!"

"काकी, गप," गुणाजी म्हणाला.

"तू गप. वाच रं पोरा. कोतवाल म्हन."

"कोतवाल," मी म्हणालो.

"त्यो बग."

तिने बोट वर केलं. रेल्वेच्या तारेवर एक काळा पक्षी बसला होता. शेपटीला दोन टोकं. मी तो जन्मभर पाहत आलो होतो.

"परीट म्हन."

"परीट."

"त्यो बग. त्यो दुसरा."

पोपटाच्या दगडावर, त्याच्या ओल्या कपड्यांच्या ढिगापासून हातभर अंतरावर, काळीपांढरी चिमुकली पाखरं शेपट्या वरखाली आपटत होती. जणू धुणं धूत होती. पोपट त्यांच्याकडे बघत राहिला.

"ही रोज असत्यात," तो हळूच म्हणाला. "ह्यांना परीट म्हनतात व्हय?"

"मंग काय बामन म्हनतील? खाटीक म्हन, पोरा."

मी म्हणालो. तिने बाभूळ दाखवली. सातभाई म्हणालो, तिने वडाखालची मातकट, कलकलणारी पाखरं दाखवली. ती आठ होती. मी मोजली. शिंपी म्हणालो, तिने कान कुंपणाकडे केला, आणि कुंपणातून टुविट टुविट आवाज आला. आता सगळे हसत होते. भिवा स्वतःला टपली मारत होता. वाचणारा मी होतो आणि अक्षर न ओळखणारी बाई मला अर्थ सांगत होती. मी वाचत राहिलो कारण थांबलो असतो तर मला वर बघावं लागलं असतं.

"वंचक," मी वाचलं.

गंगुबाई थांबली.

"काय?"

"वंचक. एक. नेहमीच्या जागी."

"असं पाखरू नाय," ती म्हणाली.

हसणं गेलं.

"वंचक म्हंजे काय रं मास्तर?" गुणाजीने विचारलं.

मी बी.ए. होतो. मला सांगता आलं. "फसवणारा."

पोपटाने भिवाकडे पाहिलं. भिवाने गुणाजीकडे. आता ते विश्रामरावांकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघत होते. तानाजीला कोणी पकडून दिलं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि इथे वहीत लिहिलेलं होतं, की एक जण फसवणारा आहे आणि तो पहाटेपासून नेहमीच्या जागी असतो.

"पुण्याच्या एका गृहस्थांनी नावांची यादी पाठवलीय," विश्रामराव म्हणाले. "त्यात तसं आहे. तुम्ही निराळं म्हणत असाल. तो पाहा."

"कुठं?"

"कठड्याखाली. चिखलात."

आम्हाला चिखल दिसला. विश्रामरावांनी एक खडा उचलून हलकेच पाण्यात टाकला. चिखलाचा एक तुकडा मान काढून उभा राहिला आणि उडाला. उडताना तो पांढराशुभ्र होता. पंख मिटून पलीकडे उतरला, आणि पुन्हा चिखल झाला.

"म्हणून ते नाव," विश्रामराव म्हणाले.

"आग बाय, ढोकरी!" गंगुबाई म्हणाली. "आमची ढोकरी! तिला काय नाव ठेवलंय मेल्यांनी!"

सगळे सुटल्यासारखे झाले. पोपटाने दुर्बीण परत दिली. देताना काच धोतराने पुसली. पण गुणाजी तसाच उभा होता.

"नावं पाखरांची हायत," तो म्हणाला. "मान्य. पन मानसांची नायत कशावरून?"

"अरे, म्हंजे?" भिवा म्हणाला.

"म्हंजे असं. मला कोनाचं नाव लपवायचं असंल तं मीबी पाखराचंच ल्हीन."

गंगुबाई म्हणाली, "तुला संशय चावलाय." पण आवाज खाली आला होता.

"या तुमी," गुणाजी म्हणाला. "रोज या. पन ती दुर्बीन पूर्वंला फिरवायची नाय. त्या कनसाकडं बघायचं नाय. कबूल?"

विश्रामरावांनी पूर्वेच्या काठाकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "बदकं तिकडेच उतरतात."

"उतरू द्या."

"फार लांबून येतात हो. हिमालय ओलांडून येतात, राजपुतान्याचं वाळवंट ओलांडून येतात. वाटेत पाणी मिळेल तिथे थांबतात. चार थंड्या मोजतोय मी. हे पाचवं वर्ष."

"आमचा तानाजी ठान्यात हाय," गुणाजी म्हणाला. "त्याला मोजा."

विश्रामरावांनी मान हलवली. "कबूल," ते म्हणाले. "पूर्वेला पाहणार नाही."

आम्ही परत निघालो. नाका दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, "पंडित, वही तुम्ही कितव्या पानापर्यंत वाचलीत?"

"चौथ्या."

"पाचव्यावर बदकाचं चित्र आहे."

एवढंच. ते खिडकीत जाऊन बसले.

त्यानंतर ते एकटेच जात. मी वाड्याच्या दाराशी उभा राहून त्यांना जाताना बघे. ते मला हात करत. त्यांनी शब्द पाळला. ते पश्चिमेला तोंड करून उभे राहतात आणि बदकांचे थवे डोक्यावरून पूर्वेला गेले तरी मान वळवत नाहीत, असं मला पोपटाने सांगितलं. "मलाच कसंतरी वाटतं वो," तो म्हणाला.

वहीची गोष्ट मात्र तळ्यावर राहिली नाही. पोपटाने ती घरोघर कपड्यांबरोबर पोचवली. आळी दोन दिवस हसली. आणि मग ती गोष्ट जायला नको तिथे गेली.

जानेवारीत एका दुपारी मी नाक्यावर गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. खिडकीत विश्रामराव होते आणि आत, त्यांच्या टेबलावर एक पाय टेकवून, दारूबंदीचे एक साहेब उभे होते. तरुण होते. बोलणं गोड होतं.

"फक्त बघायचं आणि सांगायचं," साहेब म्हणत होते. "तुम्ही तसेही जाताच. सरकारचं काम आहे."

"मी पूर्वेला पाहत नाही," विश्रामराव म्हणाले.

"का?"

"शब्द दिलाय."

"कोणाला? भट्टीवाल्यांना?"

साहेबांनी दुर्बीण उचलली. खिळ्याला टांगलेली होती.

"लष्करी माल दिसतो. कागद आहेत?"

विश्रामरावांनी खण उघडला. सहा वर्षांपूर्वीची लिलावाची पावती घडी न मोडता ठेवलेली होती. साहेबांनी ती वाचली.

"यावर नुसतं 'दुर्बीण एक' लिहिलंय. नंबर नाही. ती हीच कशावरून?"

हेच वाक्य मी गुणाजीच्या तोंडून ऐकलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत. मी दारात उभा होतो. बोलायला हवं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, "शिक्षक आहे." मग मी गप्प बसलो.

"पूर्वेला पाहायचं नसेल तर हिची गरज काय?" साहेब म्हणाले. "चौकशी होईपर्यंत राहू दे आमच्याकडे. विचार बदलला तर या."

विश्रामरावांनी दुर्बिणीचा पट्टा नीट गुंडाळून दिला. "उजव्या काचेला चीर आहे," ते म्हणाले. "जपून."

साहेब गेल्यावर मी म्हणालो, "उद्या मी येऊ?"

"या."

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही निघालो. विश्रामराव कठड्याशी उभे राहिले नाहीत. माझ्याशेजारी बाकावर बसले. डोळे बारीक करून बघत होते. थोड्या वेळाने गुणाजी स्वतः चहा घेऊन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन कप. तानाजी सुटून आला होता आणि वडाखाली बसला होता.

"दुर्बीन नाय आनली?" गुणाजीने विचारलं. आवाजात थट्टा होती. "वयनीनं लपवली काय?"

"दिली," विश्रामराव म्हणाले.

"कोनाला?"

"दारूबंदीवाल्यांना."

मला ते वाक्य अजून ऐकू येतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

गुणाजी पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने विश्रामरावांच्या हातातला कप काढून घेतला. ओढला नाही, काढून घेतला. माझा मी आपणहून खाली ठेवला.

"तसं नाही," मी म्हणालो. "मी तिथे होतो. त्यांनी काढून घेतली. हे नाही म्हणाले म्हणून काढून घेतली. मी डोळ्यांनी बघितलं."

"तू?" गुणाजी म्हणाला. "तू तं वहीबी डोल्यांनीच बघितली होतीस."

मी उभा राहिलो होतो. विश्रामराव उठले. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही चालू लागलो. पोपटाने कपडा आपटायला सुरुवात केली, तो आवाज वळणापर्यंत येत होता.

"तुम्ही का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याने कोणाला असं विचारलं," ते म्हणाले. "का असं नाही विचारलं."

त्यानंतर ते तळ्यावर गेले नाहीत. कोणी यायला नको असं सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. सकाळी ते घरीच असत. वहिनी म्हणाल्या, "आता तुळशीला पाणी घालतात. दोनदा घालतात. कुजेल ती."

फेब्रुवारीच्या शेवटी मी कल्याणच्या बाजारात गंगुबाईला गाठलं. ती मासळीवर पाणी शिंपडत होती.

"गंगुबाई, पूर्वेला बदकं आली का यंदा?"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तुला कशाला? कोनाला सांगायचंय?"

"टिपणीसांना."

"आली," ती शेवटी म्हणाली. "लई आली. आनि दोन नवीन हायत. मोठी. नारिंगी, भगवी म्हन. कवा बघितली नव्हती. एक ह्या काठाला बसतो, एक त्या काठाला, नि अंधार पडला का एकमेकांना हाका मारत्यात."

हे एक पाखरू मला ठाऊक होतं. कॉलेजात चार वर्षं मी कवितांमध्ये तेच वाचत आलो होतो. रात्री ताटातूट होणारी जोडी, दोन तीर, हाका. चक्रवाक. ते खरोखर असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि इथे, पाणकणसात, भट्टीच्या धुरात, ते बसले होते.

मी नाक्यापर्यंत धावत गेलो. विश्रामराव एका गवताच्या गाडीची पावती फाडत होते.

"चक्रवाक," मी म्हणालो. धाप लागली होती. "दोन. म्हसोबाच्या तळ्यावर."

त्यांचा हात थांबला. चार थंड्यांत त्यांना चक्रवाक एकदाही दिसला नव्हता, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्यांनी खण उघडला. वही बाहेर काढली. पेन्सिलीचं टोक बघितलं.

"तुम्ही पाहिलेत?" त्यांनी विचारलं.

"नाही. गंगुबाईने सांगितलं. पण रंग सांगितला, हाकांचं सांगितलं, दुसरं काही असूच शकत नाही. लिहा ना तुम्ही."

गाडीवान म्हणाला, "सायेब, पावती."

विश्रामरावांनी वही मिटली.

"ऐकीव लिहीत नाहीत, पंडित," ते म्हणाले, आणि गाडीवानाला पावती दिली.

गाडी हलली. ते खिडकीतून तिच्या मागे, रस्त्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न वळता त्यांनी हळूच विचारलं,

"हाका मारतात म्हणाली?"